रात्री बागेत कोण येतंय, ते आधी ओळखा

पत्र : घरामागे माझी छोटी परसबाग आहे. भाजीचे चार-पाच वाफे आणि थोडी फळझाडं. गेले काही महिने रात्री कोणीतरी येऊन रताळी उकरून खातं, घेवड्याची कोवळी रोपं बुडापासून कापलेली सापडतात, आणि एका फळझाडाची साल जमिनीलगत कुरतडली आहे. दिवसा माकडांची टोळी येते ती वेगळीच. मी मिरचीचं पाणी फवारलं, बुजगावणं उभं केलं, चमकत्या पट्ट्या बांधल्या, रात्रभर रेडिओ लावून ठेवला, डांबराच्या गोळ्या टाकल्या. प्रत्येक उपाय चार दिवस चालतो, मग पुन्हा ये रे माझ्या मागल्या. दीर म्हणतात, तारेत घरातला करंट सोडू. शेजारी म्हणतात, फळात विष घालून ठेवा. मला कोणाचा जीव घ्यायचा नाही, पण बागही सोडायची नाही. काय करू?

ताई,

जीव न घेता बाग राखता येते. मात्र त्याआधी दिरांचा आणि शेजाऱ्यांचा सल्ला कायमचा बाजूला ठेवू या. त्यातला एक जरी उद्या कोणी अमलात आणला, तर मी पुढे लिहिलेलं सगळं फोल ठरेल.

तारेत घरातला करंट सोडणं म्हणजे अंगणात फास टांगून ठेवण्यासारखं आहे. तो फास माणूस आणि जनावर यांच्यात फरक करत नाही. अवघ्या १० ते २० मिलिअँपिअर करंटनं हाताचे स्नायू असे आखडतात की पकडलेली तार सोडू म्हटलं तरी सुटत नाही, आणि ओल्या वाफ्यात अनवाणी उभ्या असलेल्या माणसाच्या अंगातून याच्या कितीतरी पट करंट जाऊ शकतो. चेंडू आणायला आलेलं शेजारचं मूल, पहाटे फुलं तोडायला गेलेल्या तुम्ही स्वतः, बटण बंद केलं असेल असं समजून आत शिरलेले दीर, यांपैकी कोणीही त्या तारेला चिकटू शकतं. कुंपणाला विजेचा झटका देण्याची एक सुरक्षित पद्धत आहे, तिच्याबद्दल पुढे लिहिते. पण घराच्या सॉकेटमधून निघालेली वायर कुंपणाला जोडायची नाही, एका रात्रीपुरतीसुद्धा नाही. दिरांना हा परिच्छेद वाचून दाखवा.

विषाचंही तेच. विष घातलेलं फळ कोण खाणार हे तुमच्या हातात राहत नाही. रात्री येणारा प्राणी ते हुंगून पुढे जाईल आणि सकाळी एखादं कुत्रं, गाय किंवा पाखरू ते खाईल. उंदरांसाठी मिळणाऱ्या गोळ्याही निर्धोक नाहीत. ब्रोडिफॅकूमसारखं औषध रक्त गोठू देत नाही, पण उंदीर लगेच मरत नाही. काही दिवस तो सुस्तावून उघड्यावर फिरतो आणि नेमका घुबडाच्या तावडीत सापडतो. गव्हाणी घुबड अंटार्क्टिका सोडून प्रत्येक खंडात आढळतं आणि एका रात्रीत अनेक उंदीर फस्त करतं. विषारी उंदीर खाऊन ते मेलं की तुमच्या बागेचा फुकटचा राखणदार गेला. शिवाय वन्य प्राण्याला विष घालून किंवा करंट लावून मारणं अनेक देशांत गुन्हा आहे.

आता मुद्द्याचं. तुमचे उपाय चार दिवसच का चालले, हे कळलं की पुढचा मार्ग आपोआप दिसेल. प्राणी नव्या गोष्टीला बिचकतात. वाटेत काल नसलेलं काही आज दिसलं तर ते दूर थांबतात, वास घेतात, परत जातात. दुसऱ्या-तिसऱ्या रात्री थोडे जवळ येतात. त्या वस्तूनं काहीच इजा केली नाही असं दिसलं की ती त्यांच्या लेखी दगडासारखी होते. बुजगावणं, पट्ट्या, रेडिओ यांचं तुमच्याकडे हेच झालं. तुमचं काही चुकलं नाही. त्या उपायांचं आयुष्यच तेवढं आहे. म्हणून मी त्यांना फेकून द्या म्हणणार नाही, राखून ठेवा म्हणेन. रताळी काढायला आठवडा उरला असेल, मक्याची कणसं भरत आली असतील, तेव्हा ती एकदम बाहेर काढा आणि दर दोन दिवसांनी जागा बदला. वर्षभर उभं असलेलं बुजगावणं ऐन वेळी कामाचं राहत नाही.

मिरचीच्या पाण्याची गोष्ट थोडी वेगळी. मिरचीतलं कॅप्सेसिन सस्तन प्राण्यांच्या तोंडातल्या उष्णता ओळखणाऱ्या मज्जातंतूंना चेतवतं, म्हणून आग होते. (याच संवेदनेच्या शोधासाठी डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चं नोबेल मिळालं. पारितोषिक त्यांना आर्डेम पाटापूटियन यांच्यासोबत विभागून होतं.) पक्ष्यांना ही आग जाणवत नाही, त्यामुळे पाखरांवर हा उपाय निरुपयोगी आहे. ससा, खार, हरीण यांच्यावर तो चालतो, पण पाऊस पडला किंवा झारीनं पाणी घातलं की धुऊन जातो, आणि नंतर फुटलेल्या नव्या पानांवर तो नसतोच. ज्यांना दर आठवड्याला फवारणं जमतं त्यांनी करावं. मला विचाराल तर तेवढी मेहनत जाळीत घाला.

डांबराच्या गोळ्या मात्र आजच वेचून काढा, हातमोजे घालून. त्यातलं नॅफ्थलीन मातीत आणि हवेत मिसळतं, प्राणी त्याला फारसे बधत नाहीत, आणि लहान मुलानं गोळी तोंडात घातली तर रक्तातल्या तांबड्या पेशी फुटण्यापर्यंत मजल जाऊ शकते. जी-सिक्स-पीडी हे विकर जन्मतः कमी असलेल्या मुलांना हा धोका सर्वांत जास्त. भाजीच्या वाफ्यात त्यांना जागा नाही. अल्ट्रासॉनिक आवाजाच्या डब्या घेण्याचा विचार असेल तर तोही सोडा. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं २००१ मध्ये अशा यंत्रांच्या साठाहून अधिक उत्पादकांना आणि विक्रेत्यांना ताकीद दिली होती, की शास्त्रीय पुरावा नसताना दावे करू नका.

मग टिकतं काय? योग्य मापाचं कुंपण. जाळी इजा करत नसली तरी वाट अडवते, आणि त्या अडथळ्याची सवय झाली म्हणून वाट मोकळी होत नाही. पण ‘योग्य मापाचं’ म्हणजे नेमकं कोणाच्या मापाचं? ससा खालून शिरतो, हरीण वरून उडी मारतं, साळिंदर उकरतं, रानडुक्कर ढुशी देतं, माकड चढतं. एकासाठी घातलेलं कुंपण दुसऱ्याला दिसतही नाही. पैसे वाया जातात ते इथेच. म्हणून खांब आणण्याआधी एक आठवडा फक्त बघण्यात घालवा.

तुमच्या पत्रातल्या खुणांवरून मला वाटतं, रात्री येणारे किमान दोन वेगळे प्राणी आहेत. घेवड्याची रोपं बघा. कापलेला देठ हातात घेऊन उजेडात धरा. कापाची जागा तिरकी आणि स्वच्छ असेल, धागे लोंबत नसतील, तर तो ससा. त्याला वर-खाली दोन्हीकडे पुढचे धारदार दात असतात, त्यामुळे देठ कात्रीत सापडल्यासारखा तुटतो. देठ फाटलेला, ओढून तोडलेला, कडेला धाग्यांची झालर असलेला दिसला तर हरणाच्या जातीचा प्राणी. हरणाला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. ते खालच्या दातांमध्ये आणि वरच्या कडक हिरडीत पाला धरतं आणि हिसका देतं. खाल्लेल्या जागेची उंचीही मोजा. ससा मागच्या पायांवर उभा राहून फार तर गुडघ्याच्या थोडं वर पोचतो. त्याच्यावरचं काही गेलं असेल तर तो नव्हे.

रताळ्यांच्या बाबतीत तीन संशयित. वाफाच्या वाफा उलथापालथ झाला असेल, ढेकळं दूर फेकली गेली असतील, वेल उपटून बाजूला पडले असतील, तर रानडुक्कर. ते नाकानं जमीन उचकटतं आणि सहसा एकटं येत नाही. चिखलात दोन खुरांचा ठसा आणि मागे दोन्ही बाजूंना छोटी टोचणी दिसली तर खात्रीच समजा. नेमक्या कंदाशी एकेक खड्डा असेल, बाकी वेल जागच्या जागी असेल, आणि अर्धवट कुरतडलेलं रताळं तिथेच पडलेलं असेल, तर साळिंदर. वाफ्याच्या कडेला ताज्या मातीचा ढीग आणि त्याशेजारी मुठीएवढं बीळ असेल, तर घूस. ती बऱ्याचदा खालून येते, वरून वेल हिरवागार दिसतो आणि खणायला गेलं की कंद पोकळ.

फळझाडाची साल जमिनीलगत कुरतडली आहे असं तुम्ही लिहिलंत, म्हणून माझा कल साळिंदराकडे आहे. झाडापाशी वाकून दातांच्या खुणा बघा. रुंद, खोल, जोडीनं उमटलेल्या खोबणी असतील तर साळिंदर, बारीक आणि दाट असतील तर उंदीर किंवा घूस. आसपास काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा एखादा काटा सापडला तर प्रश्नच मिटला. साळिंदर काटे फेकून मारतं असं अजूनही सांगितलं जातं, ते खरं नाही. काटे सैल असतात, चालताना गळतात, आणि कोंडीत सापडलं तर ते पाठ वळवून उलट्या पावली अंगावर येतं तेव्हा टोचतात. त्यामुळे कुत्र्याला त्याच्यावर सोडू नका, कुत्र्याचं तोंड रक्तबंबाळ होईल.

झाडाची साल खोडाभोवती पूर्ण कडं करून गेली असेल तर झाड वाचणं कठीण असतं, कारण पानांत तयार झालेलं अन्न मुळांकडे सालीच्या आतल्या थरातून जातं. एका बाजूची शिल्लक असेल तर आशा आहे. जखमेवर माती किंवा डांबर थापू नका, उघडी राहू द्या, आणि आजच खोडाभोवती बोटभर अंतर ठेवून लोखंडी जाळीचं नळकांडं उभं करा. गुडघाभर उंच पुरे. एवढ्या एका कामासाठी ओळख पटण्याची वाट पाहायची गरज नाही.

ओळख पटवायला महागडं काही लागत नाही. तिन्हीसांजेला बागेच्या कडेनं, जिथे पाला दबलेला किंवा पायवाट पडलेली दिसते तिथे, हातभर रुंदीची पट्टी साफ करून चाळलेली राख किंवा बारीक माती पसरा आणि फळीनं सपाट करा. सकाळी उन्हं वर यायच्या आत ठसे बघा, कारण तिरप्या उन्हात ते उठून दिसतात. शेजारी काडेपेटी ठेवून फोटो काढा, म्हणजे माप कळेल. लेंड्या दिसल्या तर त्यांचाही काढा. सशाच्या गोल आणि कोरड्या असतात, साळिंदराच्या लांबट. हालचाल झाली की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा कोणाकडून चार रात्रींसाठी मिळाला तर उत्तमच. साळिंदर आणि ससा ठरलेल्या वाटेनं येतात. ती वाट कळली की कुंपण कुठे सर्वांत भक्कम हवं तेही कळतं.

साळिंदर आणि ससा हीच जोडी निघाली असं धरून चालू. तर कुंपण उंच नको, खोल हवं. मीटरभर उंची दोघांनाही पुरते. जाळी गॅल्वनाइज्ड वेल्डमेश घ्या, भोकं अडीच सेंटिमीटरची, तार जाड. प्लास्टिकची जाळी, शेडनेट, बांबू यांना साळिंदर दातांनी भगदाड पाडतं. आता सर्वांत महत्त्वाचं. जाळी जमिनीच्या पातळीवर संपवायची नाही. एक फूट खोल चर खणून ती आत उतरवा आणि चराच्या तळाशी बाहेरच्या बाजूला आणखी फूटभर वळवा, म्हणजे जाळीला पाऊल फुटल्यासारखं दिसेल. उकरणारा प्राणी कुंपणाच्या अगदी बुडाशी येऊन उकरतो. तिथे त्याला खाली जाळीच लागते. दोन पावलं मागे सरून तिथून भुयार काढावं हे त्याला सुचत नाही. तो जागा बदलून पुन्हा बुडाशीच उकरतो, पुन्हा जाळी, आणि शेवटी नाद सोडतो. वळवलेली जाळी बाहेरच्या बाजूलाच हवी. आत वळवली तर सगळी मेहनत पाण्यात.

जमीन खडकाळ असेल, चर खणणं शक्य नसेल, तर तीच दोन फुटी पट्टी बाहेरच्या बाजूनं जमिनीवर आडवी पसरा, उभ्या जाळीला तारेनं शिवा, वाकवलेल्या सळयांनी घट्ट ठोका आणि कडेला दगड मांडा. एका पावसाळ्यात गवत तिच्यातून उगवून तिला धरून ठेवतं. ही युक्ती खणण्याइतकीच चालते आणि अर्ध्या कष्टात होते.

फाटक विसरू नका. चौफेर उत्तम कुंपण आणि फाटकाखाली वीतभर फट, हे मी सर्रास पाहते. फाटकाखाली विटांचा किंवा सिमेंटचा उंबरा घाला, फट तीन सेंटिमीटरपेक्षा जास्त नको. सांडपाण्याच्या मोरीलाही जाळी लावा.

घूस निघाली तर संपूर्ण बागेला नव्हे, त्या एका वाफ्याला तळाशी जाळी द्या. वाफा दीड फूट उकरा, तळ आणि चारही बाजू बारा मिलिमीटरच्या जाळीनं मढवा, माती परत भरा. एकदाच करावं लागतं. घरातला धान्याचा, भंगाराचा पसाराही आवरा. तिचं मुक्कामाचं ठिकाण बहुधा तिथेच असतं.

रानडुक्कर निघालं तर साध्या जाळीनं भागणार नाही. जाळी खालून उचलून ते आत शिरतं. इथे झटका मशीन कामाचं, आणि सुरुवातीला ज्या सुरक्षित पद्धतीचा उल्लेख केला ती हीच. हे मशीन तारेत सतत करंट सोडत नाही. साधारण सेकंदाला एक, डोळ्याचं पातं लवायच्या आत संपणारा ठोका सोडतं. व्होल्टेज हजारोंमध्ये असतं, पण ऊर्जा अगदी थोडी. त्यामुळे झणका जोरात बसतो, प्राणी मागे उडी मारतो, आणि दोन ठोक्यांच्या मधल्या वेळात स्नायू मोकळे असल्यामुळे तारेपासून सुटतो. या यंत्रांसाठी आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयईसी ६०३३५-२-७६. विकत घेताना मशीनवर त्याचा उल्लेख बघा, नसेल तर घेऊ नका. कोणी मेकॅनिक ‘मी स्वस्तात बनवून देतो’ म्हणाला तर त्याला नमस्कार करा. डुकरासाठी दोन तारा पुरतात, एक जमिनीपासून वीतभर उंचीवर आणि दुसरी दीड फुटावर, म्हणजे नेमकं ओलं नाक तारेला लागतं. अर्थिंगची सळई ओलसर जमिनीत खोल ठोका. कोरड्या मातीत झटका बसत नाही आणि लोक मशीनला दोष देतात. तारेला टेकणारं गवत कापत राहा, ठळक पाटी लावा, आणि घरात रांगतं मूल असेल किंवा कोणाच्या हृदयात पेसमेकर असेल तर हा पर्याय सोडून द्या.

हरीण येत असेल तर उंची लागते, दोन मीटरच्या वर. तेवढं उंच कुंपण शक्य नसेल तर चार फुटांची दोन कुंपणं एकमेकांपासून सव्वा मीटर अंतरावर घाला. हरीण उंच उडी मारतं, लांबही मारतं, पण दोन्ही एकदम मारायला कचरतं.

आता माकडं. इथे मी तुम्हाला खोटी आशा दाखवणार नाही. माकडाला चारी बाजूंचं कुंपण म्हणजे शिडी. ते रंग ओळखतं, माणसं ओळखतं, घरात कोण घाबरतं आणि कोण काठी घेऊन खरंच मागे येतं हेही ओळखतं. सगळी बाग त्याच्यापासून वाचवणं घरगुती पातळीवर जमत नाही. म्हणून निवड करा. जे वाफे तुम्हाला खरोखर हवेत, टोमॅटो असोत की घेवडा, त्यांच्यावर पाइपांचा सांगाडा उभारून वरूनही जाळी घाला. पूर्ण बंद पिंजरा, त्याला कडीचं दार, आणि कडीला कुलूप किंवा क्लिप, कारण साधी कडी माकड उघडतं. त्या पिंजऱ्यात तुम्हाला उभं राहता येईल एवढी उंची ठेवा, नाहीतर भाजी काढायचा कंटाळा येतो. पिंजऱ्याबाहेर हळद, आलं, लसूण, मिरची असं लावा. त्यांच्या वाट्याला प्राणी कमी जातात.

फळांसाठी दुसरा मार्ग आहे आणि तो फार कमी वापरला जातो. आंबा, केळी, पपई, टोमॅटो ही फळं झाडावरून काढल्यावरही पिकतात. आंबा पाडाला आला, पपईवर पहिली पिवळी रेघ उमटली, टोमॅटोच्या तळाशी लाली दिसली की त्याच दिवशी काढा आणि घरात पिकवा. माकडं, खारी, वटवाघळं सगळी पिकल्या वासावर आणि रंगावर येतात. तुम्ही त्यांच्या दोन दिवस आधी पोचलात तर बराचसा माल हाती लागतो आणि चवीत मोठा फरक पडत नाही. संत्री, डाळिंब, द्राक्षं यांना हा नियम लागू नाही. ती काढल्यावर पिकत नाहीत, त्यांना झाकावंच लागतं.

टोळी समोर आली तर डोळ्याला डोळा भिडवू नका आणि दात दाखवू नका, माकडांच्या भाषेत दोन्ही आव्हानं आहेत. पिल्लू असलेल्या मादीला दगड मारू नका, टोळीला पळायला वाट मोकळी ठेवा. आणि काही झालं तरी खायला देऊ नका. हे सांगताना मला वाईट वाटतं, कारण देणाऱ्याच्या मनात दयाच असते. पण हातून खायला शिकलेलं माकड पुढे हातातून हिसकावतं, चावतं, आणि मग लोक त्याच्या जिवावर उठतात. चावलं किंवा ओरखडलं तर जखम साबण आणि वाहत्या पाण्यानं १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जाऊन रेबीजच्या लशीबद्दल विचारा. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर माणूस वाचत नाही असंच जवळजवळ धरावं लागतं, त्यामुळे ‘बघू उद्या’ नको.

फळांवर जाळं टाकणार असाल तर त्याची भोकं आपली करंगळीसुद्धा आत जाणार नाही एवढी बारीक हवीत, आणि जाळं ताणून बांधलेलं हवं. मोठ्या भोकांच्या सैल नायलॉन जाळ्यात साप, पाखरं आणि वटवाघळं अडकून तडफडून मरतात. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यानं २०२१ पासून घरगुती फळझाडांवर पाच मिलिमीटरपेक्षा मोठ्या भोकांच्या जाळ्याला बंदीच घातली आहे. झाडाखाली चोथ्याचे चपटे गोळे दिसले तर समजा वटवाघळं येतात. ती रस गिळतात आणि चोथा थुंकतात. त्यांनी किंवा कोणीही उष्टावलेलं फळ कापून, धुऊन खायचं नाही, टाकून द्यायचं. निपाह विषाणू फलाहारी वटवाघळांत असतो, हे १९९८-९९ च्या मलेशियातल्या साथीनंतर कळलं.

पिंजरा लावून प्राणी पकडून दूर सोडून यावा, असंही कोणीतरी सुचवेलच. करू नका. अनोळखी जागेत त्याला ना बीळ माहीत ना पाणी, तिथले जुने प्राणी त्याला टिकू देत नाहीत, आणि मादी असेल तर तिची पिल्लं मागे उपाशी मरतात. तुमच्या बागेत रताळी आहेत तोवर रिकाम्या जागी दुसरा येतो. अनेक ठिकाणी परवानगीशिवाय पकडणं बेकायदाही आहे.

कुंपणाइतकंच महत्त्वाचं, पण सांगायला दोन ओळी पुरतील : गळलेली फळं रोज संध्याकाळी उचला, खताच्या खड्ड्यात शिजलेलं अन्न टाकू नका आणि त्यावर झाकण ठेवा, कुत्र्या-मांजराचं खाणं रात्री बाहेर सोडू नका. रानडुकराला दृष्टी कमी पण नाक जबरदस्त. एका कुजक्या फळाचा वास त्याला बागेपर्यंत आणतो आणि मग रताळी सापडतात.

पैसा आणि हात मर्यादित असतील तर क्रम असा ठेवा. आज गोळ्या वेचायच्या आणि झाडाच्या खोडाला जाळी. या आठवड्यात राखेची पट्टी आणि फोटो. पुढच्या महिन्यात फक्त रताळी आणि घेवडा यांच्याभोवती पावलाची जाळी, सगळ्या बागेला नव्हे. माकडांचा पिंजरा त्यानंतर, तोही एका वाफ्यापासून सुरू करून. कुंपणाच्या बाहेर राहिलेल्या एखाद्या झाडाची फळं त्यांनी खाल्ली तर खाऊ द्या.

कुंपण उभं झाल्यावर पहिले पंधरा दिवस रोज सकाळी त्याला बाहेरून एक फेरी मारा. रोजच्या वाटेवर अचानक जाळी आली की प्राणी ती सगळीकडून तपासतात, त्यामुळे कच्ची जागा याच दिवसांत उघडी पडते. माती उकरलेली दिसली तर ती त्याच दिवशी दाबून वर दगड ठेवा, सैल झालेली तार त्याच दिवशी आवळा. एकदा आत जायला जमलं तर तो प्राणी महिनाभर त्याच जागी झटत राहतो. पंधरा दिवसांनंतर आठवड्यातून एक फेरी पुरते, आणि मोठा पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी एक, कारण पाण्यानं बुडाची माती वाहून गेली की जाळीखाली वाट तयार होते.